निबंधाचे गुण आणि परीक्षकाचा न्याय
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात मोशी येथे केलेले भाषण)



आज आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव करण्यासाठी जमलो आहोत. ज्या गुणांवरून हा गौरव होतो ते गुण दिले कसे जातात, याचा थोडा विचार आम्ही आपणांपुढे मांडू इच्छितो. गणिताचे उत्तर बरोबर असते किंवा चुकीचे असते. तेथे वादास फारशी जागा नाही. निबंधाची गोष्ट निराळी आहे. महाविद्यालयातील मुलाच्या निबंधाला वीसपैकी बारा गुण मिळाले, तर ते अकरा का नव्हेत आणि चौदा का नव्हेत, हे सांगणे खुद्द परीक्षकासही जड जाते.

ही शंका आजची नव्हे. अमेरिकेत स्टार्च व इलियट या दोन संशोधकांनी १९१२ साली इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शाळांतून तपासून घेतली. मजकूर अक्षरशः तोच. परंतु शंभरापैकी कोणी साठीच्या घरात गुण दिले, तर कोणी नव्वदीच्या वर. यात लबाडी कोणाचीच नव्हती. एक परीक्षक शुद्धलेखन पाहतो, दुसरा विचार पाहतो, तिसरा मांडणी पाहतो. मोत्यासारखे अक्षर पाहून मन नकळत प्रसन्न होते. उत्तम निबंधाच्या पाठोपाठ हाती आलेला मध्यम निबंध आहे त्याहून फिका भासतो. परीक्षकही माणूसच आहे. गठ्ठ्यातील पहिल्या उत्तरपत्रिकेच्या वेळचा उत्साह शेवटच्या उत्तरपत्रिकेपर्यंत टिकत नाही.

याहून सूक्ष्म असा एक दोष आहे, तो नावाचा. आपल्याकडे आडनाव वाचताच माणसाची जात व गाव यांचा तर्क सुरू होतो. आपल्या मोशीवरून वाहणारी इंद्रायणी याची साक्षीदार आहे. परंपरा सांगते की, तुकोबांच्या वह्या याच नदीत बुडविल्या गेल्या. आक्षेप लिहिणाऱ्याच्या वर्णावर होता, अधिकारावर होता. लेखनाचा कस पाहण्याचे कष्ट आधी कोणी घेतले नाहीत. लेखनाआधी लेखक तपासला की न्याय तेथेच संपतो.

म्हणून विद्यापीठे उत्तरपत्रिकेवरील नाव झाकतात व तेथे सांकेतिक क्रमांक घालतात, ही रीत योग्यच होय. परंतु तेवढ्याने भागत नाही. कोणत्या अंगास किती गुण, हे तपासणीपूर्वीच ठरले पाहिजे. आणि काही उत्तरपत्रिका दुसऱ्या जाणकाराच्या नजरेखालून गेल्या पाहिजेत. केवळ यंत्र आणून न्याय मिळत नाही. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली लाखो उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे एकाएकी ठरविले, तेव्हा निकाल कित्येक आठवडे रखडले, मुलांचे पुढील प्रवेश अडले, आणि अखेर त्याच वर्षी कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले.

विद्यार्थ्याच्या हातीही एक साधन आहे. उत्तरपत्रिका पाहू न देणारे आपल्या राज्याच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली वैध ठरविले होते. पुढे २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा आला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी त्याच न्यायालयाने, तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच असून परीक्षार्थीस ती पाहण्याचा हक्क आहे, असा निर्णय दिला. परीक्षकाचे नाव मात्र गुप्त राहावे, हेही न्यायालयाने मान्य केले. नाव दोन्हीकडचे झाकलेले आणि काम मात्र उघडे, हीच खरी न्यायाची रीत. विद्यापीठातही ठराविक मुदतीत शुल्क भरून छायाप्रत मागता येते. आपली मुले ती क्वचितच मागतात. गुण कमी पडले की घरी बोलणी खातात आणि गप्प बसतात.

आता आपल्या घरचा प्रश्न. आपल्यातील कित्येक घरांतून महाविद्यालयाची पायरी चढलेली ही पहिलीच पिढी आहे. चाकण-भोसरीचे कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत. एखाद्या टक्क्याने शिष्यवृत्तीचा अर्ज मागे पडला, तर तो मुलगा पुढील वर्षी वर्गात नसतो, पाळीवर असतो. आणि मुलगी असेल तर तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. ज्या गुणांत परीक्षक बदलताच पाच-दहाचा फरक पडू शकतो, त्यांतील एका गुणावर आपण एवढे मोठे दैव टांगून ठेवावे काय?

आमची मंडळास नम्र सूचना आहे. शिष्यवृत्तीसाठी टक्क्यांबरोबरच प्रत्येक अर्जदाराकडून एक छोटा निबंध घ्यावा. त्यावर नाव नसावे. दोघा जाणकारांनी तो स्वतंत्रपणे तपासावा आणि मतभेद फार असल्यास तिसऱ्याने पाहावा. निबंध शेरा लिहून मुलाला परत द्यावा. कारण कोठे चुकले हे न सांगता दिलेला गुण हा निवाडा असतो, शिक्षण नव्हे. आणि पालकांनी मुलास "किती मिळाले?" एवढेच न विचारता "का मिळाले?" हेही विचारावे.