पंधरा मिनिटांची पक्षिगणना



विजयादशमीस ज्या नीलपंखाचे दर्शन शुभ मानले जाते, त्याची संख्या घटत असल्याचे २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालाने दाखविले. हे उमगले ते ३०,००० हून अधिक पक्षिनिरीक्षकांनी ‘ई-बर्ड’वर केलेल्या सुमारे ३ कोटी नोंदींमुळे!

दर वर्षी फेब्रुवारीत चार दिवस जागतिक पक्षिगणना होते. गच्चीत वा शेताच्या बांधावर किमान १५ मिनिटे थांबून दिसतील ते पक्षी मोजावयाचे व नोंदवावयाचे. पदवी लागत नाही. मात्र ओळख न पटलेला पक्षी अंदाजाने लिहू नये. आणि हो, कावळे-चिमण्याही मोजा. नेहमीचेच म्हणून पुष्कळजण त्यांना वगळतात. नीलपंखही पूर्वी तारांवर सर्रास दिसे; त्याची मोजदाद करावी असे तेव्हा आपल्यापैकी किती जणांस वाटले होते?