परीक्षेच्या उंबरठ्यावर : शास्त्रीय पद्धती आणि जीवरसायन

(ज्ञातिमंडळाच्या विद्यार्थी-मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी मला जो विषय नेमून दिला, तो ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटली असल्यास नवल नाही. ज्ञातीच्या मेळाव्यात गुणवंतांचा सत्कार व्हावा, शिष्यवृत्तिनिधीसाठी आवाहन व्हावे, हे रीतीला धरून आहे. पण बारावीच्या जीवशास्त्राची उजळणी येथे कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे असतात, आणि आपल्या वसतिगृहातील मुलामुलींना त्यांतील ज्या प्रकरणाची सर्वांत अधिक धास्ती वाटते ते जैवरेणूंचे प्रकरण होय. ज्यांच्या घरी शिकवणीची फी भरण्याची ऐपत आहे, ते मार्ग काढतात. ज्यांची नाही, ते मार्गदर्शक पुस्तकातील व्याख्या पाठ करून परीक्षेस बसतात आणि प्रश्न किंचित फिरवून विचारला की गडबडतात. निधीतून आपण त्यांची पुस्तके घेऊन देतो. एक तास विचार करण्याची पद्धतही त्यांच्या पदरी टाकावी, एवढाच माझा हेतू आहे.

शास्त्रीय पद्धती म्हटली की विद्यार्थी एका दमात म्हणून दाखवितात : निरीक्षण, प्रश्न, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष. क्रम बरोबर आहे, पण तो पाढ्यासारखा म्हटल्याने काही साधत नाही. त्याऐवजी आपल्या मुंबईतच घडलेली एक हकीकत सांगतो.

१९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गिरण्यांतून काम करणाऱ्या अनेक गरीब स्त्रियांना गरोदरपणी पंडुरोग जडत असे आणि त्यांतील काही दगावत. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, परंतु आकाराने मोठ्या दिसत. हे झाले निरीक्षण. आता प्रश्न असा की हे कशामुळे? बाईंनी निरनिराळ्या वर्गांतील स्त्रियांचा आहार तपासला, तेव्हा ज्यांचे अन्न सर्वांत निकृष्ट त्यांच्यात हा विकार सर्वांत अधिक, असे त्यांना आढळले. येथे पुष्कळ विद्यार्थी निष्कर्ष लिहून मोकळे होतील. पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. निकृष्ट अन्न खाणारी बाई अंधाऱ्या खोलीत राहते, जड काम करते, तिला विश्रांती मिळत नाही. यांपैकी कोणतेही कारण असू शकेल. म्हणून 'आहारातील एखाद्या घटकाच्या अभावामुळे हा रोग होतो' हे अद्याप गृहीतक होते. ज्याची परीक्षा घेता येते आणि जे खोटे ठरण्याची शक्यता असते, तेच खरे गृहीतक, हे ध्यानात ठेवा.

मग बाईंनी उंदरांवर प्रयोग आरंभिला. अपुऱ्या आहारावर ठेवलेले उंदीर पंडुरोगी झाले, आणि त्यांना किण्व दिले असता रोग टळला. यश हाती आले असे वाटले असेल. परंतु त्या उंदरांना उवांमधून एका जंतूचा संसर्ग झालेला होता आणि त्यामुळेही रक्त कमी होऊ शकत होते. म्हणजे एकाच परिणामास दोन कारणे उपस्थित! प्रयोगाचे मोलच त्यामुळे संशयित झाले. तेव्हा माकडांवर तो पुन्हा करण्यात आला. परीक्षेत 'एका वेळी एकच चल बदलावे, बाकीचे स्थिर ठेवावेत' हे वाक्य तुम्ही लिहिता, त्यामागचे कारण हे आहे.

किण्वापासून तयार केलेला मार्माइट नावाचा एक गडद, खारट अर्क असतो. विलायतेत तो पावाला लावून खातात. तो या स्त्रियांना दिल्यावर त्यांची प्रकृती झपाट्याने सुधारली, आणि १९३१ साली ही माहिती ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्याआधी काही वर्षे घातक पंडुरोगावर यकृताचा उपाय सापडला होता, म्हणून दोन्हींचे औषध एकच असेल असे कोणासही वाटावे. पण पुढील काळात दिसले असे की, यकृताचा ओबडधोबड अर्क मुंबईच्या रोगावर चालतो आणि त्याच यकृताचा शुद्ध केलेला अर्क चालत नाही! म्हणजे शुद्ध करताना जो पदार्थ गळून गेला तोच येथे गुणकारी होता. घातक पंडुरोगावरील द्रव्य, म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व, १९४८ साली वेगळे काढण्यात आले. मुंबईच्या रोगावरील द्रव्य निराळे. ते १९४१ साली पालकाच्या पानांतून मिळविले गेले आणि 'पान' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक आम्ल हे नाव पडले. १९४५ साली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. त्या कार्याचे सूत्रधार आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव होते.

आता या हकीकतीचा धागा धरूनच आपण जीवरसायनाकडे वळू. फॉलिक आम्ल कमी पडले तर पेशी मोठ्या का होतात? डीएनए हे केंद्रकाम्ल ज्या घटकांचे बनते, त्यांतील थायमिनयुक्त घटक तयार करण्यास या आम्लाची मदत लागते. ती न मिळाली तर डीएनएची प्रत निघण्यास विलंब लागतो; पेशी वाढते, पण वेळेवर विभागत नाही. रक्तपेशी अहोरात्र नव्याने बनत असतात, आणि गर्भवतीच्या देहात तर दुसरा एक देह घडत असतो; म्हणून उणीव तेथे प्रथम प्रकट होते. चार ओळींचे हे उत्तर ज्यास समजले, त्यास डीएनएच्या घटकांची यादी निराळी पाठ करावी लागत नाही. शर्करा, फॉस्फेट आणि चार नत्रयुक्त आधारके, यांपैकी कोणता दुवा निखळला हे त्यास दिसतेच.

वडीलधाऱ्यांची क्षमा मागून येथे एक गोष्ट बोलतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के पंडुरोगी आढळल्या. त्यांतील बहुतेकींची उणीव लोहाची मानली जाते, तरी सरकारी दवाखान्यांतून गर्भवतीस लोहाबरोबर फॉलिक आम्लाचीही गोळी देतात, ती उगीच नव्हे. आपल्या घराघरांत बायकांनी सर्वांच्या मागून जेवण्याची चाल अजून पुष्कळ ठिकाणी आहे, आणि तळाशी उरलेल्या भाजीवर त्यांची बोळवण होते. मुलगी पुस्तकात फॉलिक आम्ल वाचीत बसते आणि तिची आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून दम घेते, हे दृश्य मला पाहवत नाही.

असो. चार प्रकारच्या महारेणूंचा आढावा आपण त्वरेने घेऊ. कर्बोदके, स्निग्ध पदार्थ, प्रथिने व केंद्रकाम्ले. स्निग्ध पदार्थ सोडल्यास बाकीचे तिन्ही लहान घटकांच्या माळा होत. जोडताना दर सांध्याला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि तोडताना तो परत घालावा लागतो. तांदळातील पिष्ट आणि भाताच्या पेंढ्यातील काष्ठीर ही दोन्ही ग्लुकोजचीच माळ आहे. फरक केवळ मणी ओवण्याच्या ढंगात आहे. तेवढ्यानेच एक आपले अन्न ठरते, तर दुसरे पचविण्यास गाईलाही आपल्या पोटातील सूक्ष्म जीवांचे साह्य घ्यावे लागते. तूप थंडीत थिजते आणि शेंगदाण्याचे तेल सहसा पातळ राहते, याचे कारण मेदाम्लांच्या साखळीत आहे. सरळ साखळ्या एकमेकींस चिकटून बसतात. तेलात मात्र द्विबंधामुळे वाकलेल्या साखळ्यांचे प्रमाण अधिक, आणि त्या तशा बसत नाहीत.

पीएच या संज्ञेविषयी मुले हमखास गोंधळतात. आकडा एकाने उतरला की आम्लता दसपट होते, दोनाने उतरला की शंभरपट. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राखला जातो, यावरून देहाची दक्षता कळावी. दुधात लिंबू पिळले की दूध नासते, कारण आम्लता वाढल्याने त्यातील केसीन हे प्रथिन साक्याच्या रूपाने वेगळे होते.

प्रथिने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात, आणि विकरे ही बहुतांशी प्रथिनेच असतात. १८९७ साली जर्मनीत एडुआर्ड बुखनर यांनी किण्व वाटून त्याचा पेशीविरहित रस काढला आणि तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली. रस टिकण्याऐवजी फसफसू लागला! जिवंत पेशीवाचून किण्वन घडते हे त्यातून सिद्ध झाले आणि १९०७ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. शास्त्रीय पद्धतीत अनपेक्षितालाही स्थान आहे. मात्र तो फेस पाहून रस फेकून न देणारा माणूस हवा.

विकराचा प्रयोग घरी करण्यासारखा आहे. पातळ पेजेचे निवळ पाणी चार परीक्षानळ्यांत सारखे घ्या. पहिलीत थोडी लाळ, दुसरीत तेवढीच उकळून थंड केलेली लाळ, तिसरीत तेवढेच साधे पाणी, आणि चौथीत लाळ व लिंबाचा रस घाला. चारही नळ्या अंगाइतक्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून, नंतर पूर्ण थंड झाल्यावर आयोडीनचा एकेक थेंब टाका. गरम असताना टाकू नका, कारण उष्णतेने निळा रंग आपोआप मावळतो आणि फसगत होते. पहिल्या नळीत निळेपणा नसेल किंवा अगदी फिका असेल. दुसरी व तिसरी गर्द निळ्या होतील. तिसरी नळी कशासाठी, हा प्रश्न परीक्षक हटकून विचारतो. ती नसती तर 'नुसत्या उबेनेच पिष्ट मोडले' असे कोणी म्हणाला असता आणि आपल्यापाशी उत्तर नसते. दुसरी नळी सांगते की लाळेतील कर्ता उष्णतेने बिघडणारा आहे. येथे 'विकर मेले' असे लिहू नये. ते जिवंत कधी नव्हतेच. त्याची घडी विस्कटली, असे लिहावे. थंडीने मात्र घडी सहसा विस्कटत नाही, केवळ काम मंदावते. ऊब मिळताच ते पुन्हा सुरू होते. चौथ्या नळीची गोष्ट थोडी कठीण आहे. लिंबाच्या रसातील क जीवनसत्त्व आयोडीनचा रंग स्वतःच घालवते, म्हणून तेथे रंग आला नाही तरी पिष्ट मोडले असे ठरत नाही. तेव्हा त्या नळीसाठी आणखी एक नियंत्रक नळी हवी. तीत काय घालावे, ते विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या फळ्यावर लिहून ठेवावे; पुढील रविवारी मी येऊन पाहीन.

एटीपीविषयी कोणी चिठ्ठीवर प्रश्न पाठविला आहे. हा रेणू १९२९ साली ज्यांना सापडला त्यांत फिस्के यांच्या जोडीने तेच सुब्बाराव होते. त्यात तीन फॉस्फेट एकापुढे एक असतात. पाण्याशी विक्रिया होऊन शेवटचे सुटते तेव्हा, नवे बंध जुळण्याचा हिशोब धरून, एकंदरीत ऊर्जा मोकळी होते. 'बंध तुटल्याने ऊर्जा मिळते' एवढेच लिहिणे अपुरे आहे, कारण कोणताही बंध तोडण्यास ऊर्जा खर्चावीच लागते. आता बाकीच्या चिठ्ठ्या घेऊ.