फारकत झाली, हप्ते कोण भरणार?



मार्कंड्याच्या जत्रेला नवरा-बायको जोडीनं जातात.
बँकेतही जोडीनंच जातात, मोटारसायकलच्या कर्जावर सह्या करतात.
पुढं कधी फारकत होते.
मोटारसायकल तो घेऊन जातो.
हप्त्याची नोटीस मात्र चामोर्शीला, तिच्या माहेरी येते.

पैसे कोणी भरायचे?

नीट ऐका.
घटस्फोटानं नातं संपतं.
कर्जावरची सही संपत नाही.

कर्ज दोघांच्या नावावर असेल, तर बँक कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकते.
1872 चा करार कायदा तसंच सांगतो.
जामीनदारही सुटत नाही.

"हप्ते नवरा भरेल", असं कधी कोर्टाच्या हुकुमात असतं.
पण बँक त्या खटल्यात नसते.
तिच्या लेखी दोघंही कर्जदारच.
बाईनं पैसे भरले, तर त्याच्या वाट्याचे त्याच्याकडून मागता येतात.
म्हणून, बायांनो, प्रत्येक पावती जपून ठेवा.

बचत गटाचं कर्ज घेऊन पैसे नवऱ्याला दिले असतील, तरी गट तुम्हालाच विचारणार.
हे मला फार अन्यायाचं वाटतं.
म्हणून फारकतीच्या कागदावर या कर्जाचंही नाव लिहून घ्या.

विजेचं मीटर त्याच्या नावावर आणि घरात तुम्ही?
बिल थकलं, तर अंधार तुमच्याच घरात होतो.
महावितरणकडे नाव बदलाचा अर्ज करा.

पुन्हा सांगते.
घटस्फोटानं कर्जावरची सही संपत नाही.

बाईला सरकारी मदतीनं वकील फुकट मिळतो.
उत्पन्नाची अट नाही.
गडचिरोलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.
जाताना कर्जाचे कागद आणि नोटीस सोबत न्या.