एका हाताची विद्या दुसऱ्या हाताला



अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचं पथक आपले देशी खेळ तिथं दाखवून आलं. अशा आखाड्यात लाठी शिकणाऱ्या पोराकडे जरा निरखून पाहा. उजवा हात बसला, की लाठी डाव्या हातात येते. डावा अडखळतोच, पण उजवा पहिल्या दिवशी अडखळला होता, तेवढा नाही. लाठी कधी धरली नव्हती, तरी डाव्याला थोडं येतं!

१८९४ साली अमेरिकेत, येल विद्यापीठात ई. डब्ल्यू. स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मोजून पाहिलं. मूठ दाबण्याचा सराव एकाच हातानं केला, तर जोर दुसऱ्याही हातात वाढला. त्या हाताचे स्नायू राबलेच नव्हते. मग वाढ झाली ती मेंदूत. मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना तंतूंचा जाड पट्टा जोडतो, आणि त्यातून एकीकडचं शिकलेलं दुसरीकडे पोचू शकतं. शिवाय लाठी कुठं वळवायची, कधी वळवायची, हे ज्ञान एकट्या उजव्याच्या मालकीचं नसतं. डाव्या हातानं आपलं नाव लिहून पाहा: अक्षर वाकडं येईल, पण वळण तुमचंच दिसेल. मात्र सगळं काही आपोआप पोचत नाही. सफाई ज्या त्या हाताला घोटूनच मिळवावी लागते.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. अकोल्याकडे कापसाच्या वेचणीत बायकांचे दोन्ही हात सारखे चालतात. अशात कुणी धुऱ्यावर घसरून पडली, मनगट मोडलं, की घरचे म्हणतात, "आता गप बसून राहा." पण कॅनडात पन्नाशीपुढच्या, मनगट मोडलेल्या बायकांना धडधाकट हाताच्या पकडीचा व्यायाम दिला गेला. हाड मोडल्यापासून बाराव्या आठवड्यात त्यांच्या मोडलेल्या हाताची पकड, तो व्यायाम न केलेल्या बायकांपेक्षा चांगली होती. मोडल्यापासून सहा महिन्यांनी फरक उरला नाही, हेही सांगायला हवं. पण ऐन हंगामात हाताची पकड लवकर परत येणं ही मजुरी करणाऱ्या बाईसाठी लहान गोष्ट नाही. म्हणून प्लास्टर घालतात त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा: चांगल्या हाताला कोणता व्यायाम देऊ, आणि किती?