कूपनांचा हिशेब आणि झग्याचा घेर

(एका कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



अशा मेळाव्यांत एक तक्रार हमखास कानी पडते. "मुलांचे कपडे पाहवत नाहीत आणि केसांविषयी तर बोलूच नका!" तक्रार करणाऱ्यांत मीही आहे. गेल्या दिवाळीत चिरंजीवांच्या केसांवरून मी इतके बोललो, की फराळाचे ताट तसेच ठेवून तो उठला. दोन दिवस घरात अबोला होता. आधी कारण शोधावे, मग मत द्यावे, हा पत्रकाराचा धर्म मी घरात विसरलो होतो. म्हणून आज दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनचे उदाहरण आपल्यापुढे ठेवतो.

१ जून १९४१ रोजी तेथे कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपने मिळाली. कोट, जाकीट आणि विजार अशा पुरुषी सुटाला २६, तर लोकरी झग्याला ११ कूपने लागत. कापड वाचावे म्हणून विजारीच्या तळाची दुमडही काही काळ बंद झाली. लांब पायमोजे मिळेनात, तेव्हा तरुणी पोटऱ्यांवर पेन्सिलीने शिवणीची रेघ ओढीत. कारखान्यातील यंत्रांत अडकू नयेत म्हणून स्त्रिया केस रुमालात बांधू लागल्या. हे सारे कशासाठी, हे लोकांना ठाऊक होते.

१९४५ मध्ये युद्ध संपले, टंचाई मात्र सरली नाही. अशात १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये ख्रिस्तियन दिऑर यांनी आपला पहिला वस्त्रसंग्रह सादर केला. आवळलेली कंबर, पोटरीपर्यंत उतरणारा झगा आणि एकेका झग्याला कित्येक वार कापड खाणारा घेर! जगाने त्याला 'न्यू लूक' म्हटले. दिऑर यांना भांडवल पुरविणारे मार्सेल बुसाक हे स्वतः कापड उद्योगपती होते, हेही ध्यानात ठेवावे. ब्रिटनचे मंत्री सर स्टॅफर्ड क्रिप्स, म्हणजे १९४२ मध्ये योजना घेऊन भारतात आलेले तेच क्रिप्स, यांनी या उधळपट्टीला विरोध केला. पॅरिसच्या रु लेपिक रस्त्यावर तर संतप्त स्त्रियांनी असा पोशाख केलेल्या तरुणीचे कपडे फाडले. पावसुद्धा रेशनवर असताना हा राग अनाठायी म्हणता येणार नाही.

तरीही तो घेर लोकप्रिय झाला. २० नोव्हेंबर १९४७ रोजी राजकन्या एलिझाबेथ यांचा विवाह झाला. वस्त्रासाठी त्यांना २०० जादा कूपने मिळाली होती. सामान्य स्त्रियांनी आपलीही कूपने पाठविली. नियमानुसार ती परत करावी लागली. वर्षानुवर्षे ठिगळे लावणाऱ्या हातांनाही एक सुंदर वस्त्र पाहण्याची आस होती! अखेर १५ मार्च १९४९ रोजी कपड्यांचे रेशनिंग संपले.

मग आले 'टेडी बॉईज'. श्रीमंतांसाठी पुनरुज्जीवित झालेला एडवर्डकालीन वेश लंडनच्या श्रमिक वस्त्यांतील मुलांनी उचलला. लांब कोट, मखमली कॉलर, अरुंद विजार आणि मागे बदकाच्या शेपटीसारखे वळविलेले, तेल चोपडलेले केस. वडीलधारी मंडळी संतापली. यांतील काही तरुण १९५८ च्या नॉटिंग हिल दंगलीत कृष्णवर्णीयांवर हल्ले करीत होते. ते निंद्यच होय. पण तो अपराध केसांचा नव्हता. या मुलांचे बालपण रेशनच्या रांगेत गेले होते. मांसावरचे रेशनिंग तर जुलै १९५४ पर्यंत होते. अठराव्या वर्षी दोन वर्षांची सक्तीची लष्करी सेवा आणि बारीक कापलेले केस ठरलेलेच. हक्काने आपले म्हणावे असे त्यांच्यापाशी होते तरी काय?

टंचाईतला संयम लोकांनी पाळला, कारण त्याचा हेतू त्यांना पटला होता. घरातील शिस्तीचेही तसेच आहे. हेतू न सांगता लादलेली शिस्त संधी मिळताच गळून पडते.

तिसऱ्या दिवशी मी मुलाला विचारले, "का रे वाढवलेस केस?" तो म्हणाला, "बाबा, बारावीपर्यंत तुम्हीच न्हाव्याला सांगत होता. या वेळी पहिल्यांदाच मी सांगितलं."

ते केस मला अजूनही आवडत नाहीत. त्यालाही ते ठाऊक आहे. परंतु आता आम्ही एका ताटावर बसून त्याविषयी बोलू शकतो. आपणही आज घरी जाऊन आधी विचारावे, मग बोलावे, एवढीच विनंती करून थांबतो.