राहते घर विकण्यापूर्वी



गावातले जुने घर विकून शहरात मुलाकडे राहायला जायचे, असा बेत आज पुष्कळ घरांत चालू आहे. थोरला पुण्याला, धाकटा मुंबईला, लेकी आपापल्या सासरी. गावात राहिली ती एकटी आई, नाही तर दोघे म्हातारा-म्हातारी. घर पाच खणांचे. पुढे ओसरी, आत माजघर, मागे परसू. पावसाळा तोंडावर आला की माळवदावर पांढरी माती घातली पाहिजे. ती आता घालणार कोण? एका तुळईला वाळवी लागलेली असते, मागची भिंत पोटात आलेली असते. मग दिवाळीला सगळे जमले की कोणीतरी म्हणतो, "विकून टाकू या. नाही तरी पडूनच जायचंय."

घर विकण्यात कमीपणा काही नाही. वडिलांनी घर बांधले ते माणसांना राहण्यासाठी. माणसेच राहिनाशी झाली तर नुसत्या भिंती धरून बसण्यात काय अर्थ? तरीही घाई करू नये. 1972 च्या दुष्काळात कित्येक माणसे पोटासाठी गाव सोडून गेली. पुढे 2020 च्या मार्च महिन्यात साथीमुळे शहरे बंद पडली, तेव्हा किती तरी माणसे गावाकडे परतली. ज्यांचे गावात घर उभे होते त्यांना टेकायला जागा मिळाली. म्हणून पहिल्यांदा एवढे बघावे, की भावांपैकी कोणी घर सांभाळायला तयार आहे का, निदान दोन खण तरी. कोणीच नसेल तर विकावे, आणि नीट विकावे.

नीट विकावे म्हणजे काय, तेच मला आज सांगायचे आहे. गोष्ट साधी आहे. घर विकण्याचा विचार कागदावर जाण्याअगोदर घरातल्या सगळ्या माणसांच्या कानांवर गेला पाहिजे. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी विसार घेतला आणि मग बहिणींना कळवले, की घरही अडकते आणि माणसेही तुटतात. कोर्टात वर्षानुवर्षे पडून राहिलेले घर शेवटी कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

पहिला प्रश्न, घर कोणाचे? पुष्कळांना वाटते, "घरपट्टीची पावती माझ्या नावानं निघते, मग घर माझंच की." तसे नाही. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर बसवण्यासाठी ठेवलेला उतारा आहे. त्यावर ज्याचे नाव आहे त्याच्याकडून पंचायत पट्टी घेते. मालकी कोणाची, याचा निवाडा त्या उताऱ्याने होत नाही. गावठाणातल्या बहुतेक घरांना पूर्वी मोजणीचा कागदच नसे. शेताला सात-बारा, पण घराला काही नाही. 24 एप्रिल 2020 रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना जाहीर केली. त्यानुसार ड्रोनने गावठाणाची छायाचित्रे घेऊन मोजणी होते आणि घरांना मालमत्ता पत्रक मिळते. तुमच्या गावाचे काम झाले असेल तर विकण्यापूर्वी ते पत्रक काढून घ्या. चतुःसीमा आणि क्षेत्र घरच्या जुन्या कागदाशी ताडून पाहा. शेजाऱ्याबरोबरची भिंत समाईक आहे की एकाची, सांडपाण्याची वाट कोणाच्या जागेतून जाते, हेही त्याच वेळी पाहून घ्या. आणि पत्रकावर थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागले असले, तरी तेवढ्याने बाकीच्या वारसांचा हिस्सा बुडत नाही, हेही लक्षात ठेवा.

मग हिस्सेदार कोण? मी हिंदू कुटुंबापुरते सांगतो. इतर धर्मांच्या कुटुंबांना त्यांचे त्यांचे वारसाकायदे आहेत. समजा, घर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधले होते, आणि ते मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे चौघांचे चार सारखे हिस्से. वडिलांची आई हयात असेल तर तिचाही तेवढाच, म्हणजे पाच हिस्से. घर वडिलोपार्जित असेल तर हिशेब थोडा निराळा बसतो, पण मुलीला वगळता तिथेही येत नाही. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला आहे, लग्न झालेले असो वा नसो. त्या तारखेला वडील हयात नसले तरी मुलीचा हा हक्क जात नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये दिला. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणी करून किंवा कोर्टामार्फत वाटण्या झाल्या असतील, तर मात्र त्या मोडत नाहीत.

इथे भावांनी मन थोडे मोठे करावे. "लग्नात एवढा खर्च केला, आता आणखी हिस्सा कसला?" असे बोलणे आपण नेहमी ऐकतो. लग्नाचा खर्च आणि वारसाचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहिणीला हिस्सा सोडायचाच असेल तर ती आपखुषीने हक्कसोडपत्र करून देईल, आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागेल. पण भाऊबीजेला ओवाळायला आलेल्या बहिणीपुढे कागद ठेवायचा आणि "कर गं इथं सही, वाचायचं काय त्यात?" असे म्हणायचे, हे बरे नव्हे. ती सही करील, कारण तिला माहेर हवे असते. पण पुढे घराची किंमत तिच्या कानांवर गेली की तिला माहेरही परके वाटू लागते. आधी सांगा की घर विकतो आहोत, अमुक किंमत येते आहे, तुझा हिस्सा इतका निघतो. मग ती काय म्हणते ते ऐका.

आणखी एक गोष्ट. वारसांपैकी एकाला आपला हिस्सा विकायचा असेल तर तो विकत घेण्याचा पहिला हक्क कायद्याने इतर वारसांना दिलेला आहे. परक्याकडे जाण्यापूर्वी भावाबहिणींना विचारावे, ही जुनी रीतच कायद्यात आली आहे असे समजा.

आता आईबद्दल. घर विकताना सगळ्यात कमी कोणाला विचारले जात असेल तर ते आईला. "आईचं काय, ती माझ्याकडंच राहणार आहे," असे म्हणून तिचा हिस्सा परस्पर मुलाच्या फ्लॅटमध्ये जातो, आणि फ्लॅटच्या कागदावर तिचे नाव नसते. मुलगा चांगला असेल, सून मायाळू असेल. पण गावात ती स्वतःच्या घरात राहत होती. चूल तिची होती, दार तिचे होते. शहरात ती दुसऱ्याच्या घरात जाते आहे. म्हणून तिच्या हिश्श्याची रक्कम तिच्या एकटीच्या खात्यावर ठेवा, किंवा नव्या घराच्या कागदावर तिचे नाव घाला. औषधाला, नातवंडाच्या हातावर खाऊला ठेवायला, एखाद्या वारीला तिला कोणापुढे हात पसरावा लागू नये. आईबापांच्या निर्वाहासाठी 2007 साली झालेला कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता बक्षीस दिली आणि मुलाने सांभाळले नाही, तर ते बक्षीस रद्द करून मागता येते. त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मात्र ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी. आणि कायद्याच्या दारात जाण्याची पाळी आईवर यावी हे कोणत्याच घराला शोभत नाही. आधीच व्यवस्था केलेली बरी.

घरात एकमत झाले, आता गिऱ्हाईक बघायचे. जुन्या घराला गिऱ्हाईक दोन तऱ्हेचे असते. एकाला राहायला घर हवे असते. दुसऱ्याला त्यातले सागवान, घडीव दगड आणि खालची जागा हवी असते. दुसरा म्हणतो, "घर काय, मातीच आहे, जागेचे पैसे देतो." म्हणून बोलणी करण्यापूर्वी एखाद्या जाणत्या सुताराला घरात आणून खांब, तुळया, कडीपाट आणि दारे-चौकटी यांचा अंदाज घ्यावा.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात एक गमतीची पण उपयोगाची तरतूद आहे. घर विकले की त्याबरोबर कुलुपे, किल्ल्या, अडसर, दारे, खिडक्या आणि घरात कायमच्या उपयोगासाठी बसवलेल्या सगळ्या वस्तू घेणाऱ्याकडे जातात. वेगळे ठरले असेल तरच गोष्ट निराळी. तेव्हा ओसरीवरचा झोपाळा किंवा देवघराची कोरीव चौकट तुम्हाला न्यायची असेल, तर खरेदीखतात तसे लिहून घ्या. व्यवहार झाल्यावर झोपाळ्याच्या कड्यांवरून भांडण नको. त्याच कायद्याप्रमाणे घरातला जो दोष तुम्हाला ठाऊक आहे, पण घेणाऱ्याला सहज दिसणारा नाही, तो त्याला सांगणे तुमच्यावर बंधनकारक आहे. चुना लावून वाळवी झाकू नका. विक्रीच्या दिवसापर्यंतची घरपट्टी-पाणीपट्टीही विकणाऱ्यानेच भरायची असते.

कागदांची नावे लक्षात ठेवा. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. त्याने मालकी बदलत नाही. मालकी बदलते ती खरेदीखताने. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरा-जमिनीचे खरेदीखत नोंदवावेच लागते, आणि ते सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकाकडे हजर करावे लागते. पैसे बँकेतूनच घ्या. घराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, आणि विसाराची रक्कमही त्यातून सुटत नाही. "थोडे वर, थोडे खालून" असे कोणी म्हणाला तर त्याला दारातूनच राम राम करा. खालून आलेल्या पैशाचा हिशेब भावाभावांतसुद्धा सरळ राहत नाही.

गाव सोडताना आणखी दोन गोष्टी. घराबरोबर शेतही विकणार असाल तर शेवटचा तुकडा विकण्यापूर्वी थांबून विचार करा. महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. सगळी जमीन गेली, सात-बारावरचे नाव गेले, की पुढे मुलाला शेत घ्यावेसे वाटले तरी अडचण उभी राहते.

दुसरी गोष्ट जुन्या कागदांची. घराचे मूळ कागद खरेदीनंतर घेणाऱ्याला द्यावे लागतात. त्याआधी त्यांच्या प्रती काढून ठेवा. जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना आजोबा-पणजोबांच्या गावच्या नोंदी मागितल्या जातात. गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, शाळेच्या जनरल रजिस्टरातला उतारा, वारसाची फेरफार नोंद, यांच्या खऱ्या नकला आताच घ्या. तुम्ही गावात असता तेव्हा हे काम एका हेलपाट्यात होते. पुढे नातवाला प्रवेशाच्या घाईत त्यासाठी शहरातून धावत यावे लागते.

गुरुजनहो, इथे तुमचे काम मोठे आहे. गावात सही किंवा अंगठा करण्यापूर्वी माणसे कागद घेऊन येतात ती तुमच्याकडे. वकिलाचे काम तुम्ही करू नका, पण कागद मोठ्याने वाचून दाखवा. कोणाची नावे लिहिली आहेत, कोणाची राहिली आहेत, रक्कम किती, ताबा कधी द्यायचा, एवढे जरी त्या म्हाताऱ्या आईला तिच्या भाषेत समजावलेत तरी पुढची पुष्कळ भांडणे टळतील. शाळेच्या रजिस्टरातला उतारा मागायला कोणी आला तर त्याला परत पाठवू नका. गाव सोडणाऱ्या माणसाच्या हातात त्या गावची तेवढीच खूण राहते.

तेव्हा श्रोतेहो, घर विकायचे ठरले असेल तर या आठवड्यातच बहिणींना एक पत्र टाका, किंवा फोन करा. आईजवळ बसून तिला विचारा, "तुझ्या मनात काय आहे?" ती बोलेपर्यंत थांबा. गिऱ्हाईक महिनाभर थांबले तरी बिघडत नाही. ते गेले तर दुसरे येईल. घराची किल्ली ज्या दिवशी दुसऱ्याच्या हातात द्याल, त्या दिवशी सगळी भावंडे एका पंगतीला बसलेली असावीत. एवढे झाले म्हणजे घर नीट विकले गेले असे म्हणायला हरकत नाही.