खतउद्योगाची राष्ट्रीय संघटना आणि आपली संत्राबाग

(शेतकरी, शिक्षक व विभागीय कर्मचारी यांच्या पांढुर्णा येथील मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काही वर्षांपूर्वी सौंसरकडील एका वयोवृद्ध बागायतदारांनी मला एक पत्र दाखविले. विकत घेतलेल्या खताची गोणी दगडासारखी घट्ट निघाली होती आणि तिच्या वजनाविषयीही त्यांना शंका होती. दिल्लीस खत कारखान्यांची एक मोठी संस्था आहे, तिला लिहा, असे त्यांना कोणी सुचविले होते. पत्र लिहून तयार होते. पत्ता तेवढा हवा होता. ते पत्र तेथे पाठविण्याचे नाही, हे त्यांना समजावून सांगेपर्यंत संध्याकाळ झाली. दरम्यान खत झाडांच्या आळ्यांत पडून गेले होते आणि पावती त्यांनी घेतलीच नव्हती. आजचा विषय मी निवडला तो त्या पत्रामुळे.

ही संस्था म्हणजे फर्टिलायझर असोसिएशन ऑफ इंडिया. तिची स्थापना १९५५ साली झाली. सिंद्रीचा सरकारी कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला होता आणि रासायनिक खत म्हणजे काय, हे बहुतेक खेड्यांना अद्याप माहीत व्हावयाचे होते. १९५०-५१ मध्ये साऱ्या देशात नत्र, स्फुरद व पालाश मिळून सुमारे ७० हजार टन एवढाच वापर होता. २०२०-२१ मध्ये तो सुमारे ३२५ लाख टनांवर गेला. सरकारी, सहकारी व खाजगी अशा तिन्ही प्रकारचे उत्पादक या संस्थेचे सभासद आहेत. आपल्या राज्यात गुना जिल्ह्यातील विजयपूर येथे युरियाचा कारखाना असलेली नॅशनल फर्टिलायझर्स त्यांपैकीच एक. ही संस्था स्वतः खत विकत नाही, नफा वाटत नाही आणि कोणास परवानाही देत नाही.

मग ती करते काय? उद्योगाचे म्हणणे शासनापुढे मांडणे, हे तिचे पहिले काम. १९७७ मध्ये श्री. मराठे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून नत्रयुक्त खतांसाठी धारण मूल्य योजना आली. शेतकऱ्यास ठरलेल्या भावाने खत मिळावे आणि कारखान्याचा वाजवी उत्पादनखर्च व परतावा शासनाने भरून द्यावा, अशी ती व्यवस्था होती. अशा व्यवस्थेत एकेक कारखाना मंत्रालयाच्या पायऱ्या चढत बसला तर काम पुढे सरकत नाही; सर्वांच्या वतीने बोलणारे कोणी लागते. त्या बोलण्यात उद्योगाचा स्वार्थ असतो हे उघड आहे, आणि त्यात लपविण्यासारखे काही नाही.

दुसरे काम आकडे गोळा करण्याचे. माझ्या मते या संस्थेची खरी देणगी तीच आहे. उत्पादन, आयात, किंमती आणि जिल्हावार वापर यांची वार्षिक आकडेवारी ती छापते, आणि शासकीय अधिकारी व संशोधक दोघेही ती वापरतात. मासिके, परिसंवाद आणि प्रशिक्षण हेही चालते. हिंदीत तिची 'खाद पत्रिका' आहे. शिक्षकांनी ती पाहण्यासारखी आहे.

जिल्हावार आकड्यांविषयी एक गोष्ट येथेच सांगतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. तोवर आपली नोंद छिंदवाडा जिल्ह्यात होत असे. वरच्या पठारावरील मक्याचे खत आणि आपल्या संत्र्याचे व कपाशीचे खत एकाच ओळीत बेरजेला जाई. त्या बेरजेवरून येथील बागेस काय कमी पडते, हे दिल्लीतील कोणास कळावे कसे? आता हिशेब वेगळा ठेवता येईल. त्याची सुरुवात मात्र सोसायटीच्या आणि दुकानाच्या नोंदीपासून होते.

आकडे का महत्त्वाचे, ते पाहू. आपल्या देशात नत्र, स्फुरद व पालाश यांच्या वापराचे ४:२:१ हे प्रमाण साधारण समतोल मानतात. १९९१-९२ मध्ये ते ५.९:२.४:१ होते. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद व पालाशयुक्त खतांवरील किंमत नियंत्रण उठले. त्यांचे भाव चढले; उलट युरिया नियंत्रणात राहिला आणि दहा टक्क्यांनी स्वस्तही झाला. एका वर्षात प्रमाण ९.५:३.२:१ झाले. पुढे ते सावरत २००९-१० मध्ये ४.३:२:१ पर्यंत आले. एप्रिल २०१० मध्ये अन्नद्रव्याधारित अनुदान आले, पण युरिया त्याबाहेर ठेवला गेला. इतर खतांचे भाव वाढले आणि २०१२-१३ मध्ये आपण पुन्हा ८.२:३.२:१ वर पोहोचलो. युरियाही त्याच योजनेत घ्यावा, असे संघटना सातत्याने म्हणत आली आहे. तसे झाल्यास युरिया महाग होईल, ही शेतकऱ्याची भीती खोटी नाही. परंतु स्वस्त गोणीच्या मोहाने जमिनीचे काय होते, ते हे आकडे स्पष्ट दाखवितात.

आता बागेत येऊ. फळ देणाऱ्या मोठ्या संत्र्याच्या झाडास वर्षाला ६०० ग्रॅम नत्र, २०० ग्रॅम स्फुरद व १०० ग्रॅम पालाश एवढे धरून पाहू. आपल्या बागेचे प्रमाण माती परीक्षणानेच ठरवावे. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणून झाडास सुमारे १ किलो ३०० ग्रॅम युरिया लागतो. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद, म्हणून सव्वा किलो. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश, म्हणून सुमारे १६७ ग्रॅम. सहा मीटरवर लागण असेल तर हेक्टरी २७७ झाडे येतात. म्हणजे ४५ किलोच्या युरियाच्या आठ गोण्या, ५० किलोच्या सुपर फॉस्फेटच्या सात आणि पोटॅशची फक्त एक. गुरुजींनी हे गणित सातवी-आठवीच्या मुलांकडून अवश्य करवून घ्यावे. घरी बाप युरियाच्या आठ गोण्या आणतो आणि बाकीच्या आठ विसरतो, हे मुलेच त्याला दाखवून देतील. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत जस्त व लोह झाडाला सहज मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. तेथे आणखी युरिया टाकून उपयोग होत नाही.

शेवटी त्या पत्राकडे वळतो. संघटनेला दुकानदारावर कारवाई करण्याचा अधिकार नाही. तो खत नियंत्रण आदेश, १९८५ अन्वये नेमलेल्या खत निरीक्षकास आहे, आणि हे निरीक्षक आपल्या कृषी विभागाचेच अधिकारी असतात. विक्रेत्याने साठा व भाव फलकावर लिहिलेच पाहिजेत आणि प्रत्येक विक्रीची पावती दिलीच पाहिजे. ती मागताना संकोच नको. गोणीवरील उत्पादकाचे नाव, वजन व अन्नद्रव्यांचे प्रमाण घरी नेण्यापूर्वी वाचावे. शंका आल्यास गोणी न फोडता तशीच ठेवावी आणि त्याच दिवशी तक्रार लेखी द्यावी, कारण नमुना विक्रेत्याकडील शिल्लक साठ्यातून घेतला जातो. तो साठा विकला गेला की तपासायला काही उरत नाही. वरूड किंवा नरखेडहून गोणी आणली असेल, तर तेथील विक्रेत्याची तपासणी महाराष्ट्राचा निरीक्षक करील, आपला नव्हे. सीमेवरील आपल्या गावांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

त्या बागायतदारांनी पुढील हंगामात पावती घेतली आणि ती मला मुद्दाम आणून दाखविली. गोणी त्या वेळी चांगली निघाली होती, त्यामुळे तक्रारीचे कारणच उरले नव्हते. दिल्लीचे पत्र मात्र त्यांनी अजून जपून ठेवले आहे, असे ऐकतो.